दुसरा मत्स्यन्याय

आपल्या प्राचीन राजनीतिशास्त्राने अराजकाला नाव दिले ते माशांवरून. दंड धारण करणारा कोणी नसेल, तर पाण्यातला मोठा मासा लहान माशाला गिळतो तसा बलवान दुर्बलाला गिळून टाकील, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. महाभारताच्या शांतिपर्वातही हाच दृष्टान्त येतो. ‘मत्स्यन्याय’ हा शब्द तेव्हापासून इतका रूढ झाला, की मासा म्हणजे मूर्तिमंत जुलूम, अशी एक समजूत आपल्या मनात नकळत घर करून बसली आहे.

ही समजूत खोटी नाही. पण अपुरी आहे. गिळण्याचा प्रश्न असमानांचा असतो. एक मोठा आणि एक लहान असल्याखेरीज गिळणे घडत नाही. परंतु जे आकाराने सारखे, ज्यांचे अन्न सारखे, ज्यांना पाणीही तेच हवे, त्यांनी एकमेकांशी कसे वागावे? त्यांना एकमेकांना गिळता येत नाही आणि टाळताही येत नाही. नीट विचार केला तर आपल्या नित्याच्या आयुष्यातला प्रश्न बहुधा हा दुसराच असतो. फार बलाढ्याशी किंवा फार दुबळ्याशी आपली गाठ क्वचित पडते. खांद्याला खांदा घासतो तो बरोबरीच्यांशीच. एका वर्षी नोकरीत लागलेले दोघे, एका आळीतले दोन दुकानदार, एका वाड्यातले दोन भाऊ, यांच्यातल्या कुरबुरीला जुना मत्स्यन्याय लागू पडत नाही. त्यासाठी माशांकडेच पुन्हा एकवार, अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

काशीत राहणाऱ्याला त्यासाठी दूर जावे लागत नाही. गंगेच्या पाण्यात तीन मोठे मासे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहत आले आहेत. आपण ज्यांना कटला, रोहू आणि मृगळ म्हणतो, त्यांतल्या कटल्याला इकडे भाकुर म्हणतात आणि मृगळाला नैन. रोहू मात्र सर्वत्र रोहूच. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १८२२ साली एडिंबरा येथे छापला, त्यात या तिघांचीही वर्णने आहेत. तिघेही एकाच कुळातले, तिघेही पावसाळ्यात पुराच्या पाण्यात अंडी घालणारे, तिघेही कित्येक किलो वजनापर्यंत वाढणारे. वरवर पाहणाऱ्याला वाटावे, की यांचा आपसांत रोजचा कलह असेल. तो तसा नसतो, याचे कारण त्यांच्या तोंडाच्या ठेवणीत लिहिलेले आहे. कटल्याचे तोंड रुंद आणि वर वळलेले; तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे. तो मधल्या थरात वनस्पती, त्यांच्यावर वाढणारे शेवाळ आणि कुजकी पाने यांवर राहतो. मृगळाचे तोंड किंचित खाली झुकलेले. तो तळाच्या गाळातले कुजके सेंद्रिय द्रव्य वेचतो. थरांमध्ये भिंती नाहीत, आणि एकजण दुसऱ्याच्या थरात कधी जातच नाही असेही नाही. पण प्रत्येकाचा कल ठरलेला आहे, आणि तेवढा कल तिघांना पोसण्यास पुरेसा ठरतो.

आपल्या मत्स्यशेतीचा सारा डोलारा याच एका गोष्टीवर उभा आहे. पूर्वी या माशांची पिल्ले नदीतूनच गोळा करावी लागत, कारण साचलेल्या पाण्यात ते अंडी घालीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हीरालाल चौधरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी मेंदूलगतच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना तळ्यात अंडी घालायला लावण्यात यश मिळवले, आणि त्यानंतर तळ्यातळ्यांतून हे त्रिकूट पोहोचले. तिघे मिळून सोडावयाचे तर कटला चार, रोहू तीन, मृगळ तीन, असे साधारण प्रमाण सांगितले जाते. एकट्या कटल्याने तळे भरले, तर वरचा थर ओसाड होईल आणि तळाचे अन्न वाया जाईल. तिघे एकत्र ठेवले, की त्याच तळ्यातून अधिक मासळी मिळते. भिन्नता ही इथे नुसती सहन करण्याची गोष्ट नाही. ती तळ्याची दौलत आहे.

ज्यांचे बालपण कोकणात खाडीकाठी गेले, त्यांना याहून जुनी एक आठवण असेल. ओहोटी लागली, की चिखलावर निवट्या उड्या मारू लागतात. डोळे डोक्यावर बसवलेला हा मासा पाण्याबाहेरही बराच वेळ राहू शकतो. मुलांना सगळ्या निवट्या सारख्याच वाटतात. पण त्यांत निरनिराळ्या जाती आहेत. एक जात मान इकडून तिकडे हलवीत चिखलावरची सूक्ष्म शेवाळाची साय खरवडून खाते. ती शाकाहारीच म्हणावी. दुसरी जात तिवरांच्या मुळांशी, काहीशा उंच जागी फिरते आणि लहान खेकडे, किडे, अळ्या यांची शिकार करते. तिसरी पाण्यालगतच्या ओल्या, मऊ चिखलाला धरून असते. एकच खाडी, एकच ओहोटी, एकाच दिवसातले तेच काही तास. पण कोणी कुठे आणि काय खावे, हे वेगवेगळे असल्यामुळे तिघींचे भागते.

या निरीक्षणामागचा नियम शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात शोधला. मॉस्कोतील गाउझ यांचा ‘जीवनकलह’ या विषयावरचा ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पॅरामेशियम या सूक्ष्म जीवाच्या दोन जाती एकाच नळीत, एकाच अन्नावर वाढवल्या. दोन्ही जाती स्वतंत्रपणे उत्तम वाढत होत्या. एकत्र ठेवल्यावर मात्र एक टिकली आणि दुसरी नामशेष झाली. पुढे तिसऱ्या एका जातीबरोबर हाच प्रयोग केला, तेव्हा दोन्ही टिकल्या. कारण एक वरच्या द्रवात तरंगणारे जिवाणू खाई आणि दुसरी तळाशी बसलेले यीस्ट. १९५८ साली अमेरिकेतील रॉबर्ट मॅकआर्थर यांनी एकाच सूचिपर्णी वृक्षावर राहणाऱ्या पाच जातींच्या पिटुकल्या पक्ष्यांचा अभ्यास केला आणि दाखवून दिले, की कोणी शेंड्याशी, कोणी मधल्या फांद्यांत, कोणी बुंध्याकडे अन्न शोधतो. निष्कर्ष सर्वत्र एकच: दोघे जितके अधिक सारखे, तितके त्यांचे एकत्र राहणे अवघड.

हा निष्कर्ष आपल्या एका आवडत्या कल्पनेला धक्का देणारा आहे. सारखेपणातून सख्य उपजते, असे आपण धरून चालतो. एक भाषा, एक जात, एक गाव, एक रक्त असले की माणसे गुण्यागोविंदाने नांदतील, अशी आपली आशा असते. निसर्ग याच्या उलट साक्ष देतो, आणि आश्चर्य असे, की आपल्या भाषेनेही ती साक्ष फार पूर्वीच नोंदवून ठेवली आहे. कलहाला आपण ‘भाऊबंदकी’ म्हणतो, ‘परकेपणा’ म्हणत नाही. शेतावरचा दावा परगावच्या माणसाशी क्वचितच होतो. तो बांधाला बांध लागलेल्या चुलतभावाशी होतो. निवटीच्या ज्या शाकाहारी जातीचा उल्लेख वर केला, ती कुवेतच्या किनाऱ्यावर दाटीने राहते, तेव्हा प्रत्येक मासा आपल्या तुकड्याभोवती चिखलाचा बांध घालतो. तो बांध खेकडे खाणाऱ्या भिन्न जातीसाठी नसतो, स्वजातीयांसाठी असतो. शेवाळ खरवडणाऱ्याला खरा धोका शेवाळ खरवडणाऱ्याकडूनच असतो. भाऊबंदकीचे याहून स्वच्छ चित्र कोणता कादंबरीकार काढील?

काशीतील दाक्षिणात्य पंडितांचा इतिहासही या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. पैठणहून आलेल्या रामेश्वरभट्टांचे पुत्र नारायणभट्ट यांचा जन्म १५१३ चा. त्यांचे दोन नातू, कमलाकरभट्ट आणि नीलकंठभट्ट, एकमेकांचे सख्खे चुलतभाऊ. दोघांचाही विषय धर्मशास्त्र, दोघांची नगरी काशी, काळही जवळपास एकच. कमलाकरांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ लिहिला. नीलकंठांनी भगवंतदेव राजाच्या आश्रयाने बारा ‘मयूखां’चा ग्रंथ रचला. मते अनेक ठिकाणी भिन्न. पण काळाने दोघांनाही आपापला थर दिला. व्रते, तिथी आणि संस्कार यांच्या निर्णयासाठी महाराष्ट्रातील पुरोहितांच्या हाती ‘निर्णयसिंधु’ राहिला. आणि ‘व्यवहारमयूखा’ला ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे वारसाहक्काच्या बाबतीत अग्रमान दिला. याउलट व्याकरणाच्या क्षेत्रात काय घडले ते पाहावे. दक्षिणेतून आलेल्या शेष घराण्यातील शेषकृष्णांचे शिष्य भट्टोजी दीक्षित यांनी ‘प्रौढमनोरमा’ या ग्रंथात गुरूंच्याच मतांचे खंडन केले, आणि शेषांच्या परंपरेतील जगन्नाथ पंडितांनी त्याला अतिशय जहाल शब्दांत ग्रंथरूप उत्तर दिले. तेच सूत्र, तीच प्रक्रिया, तोच विद्यार्थिवर्ग. तिथे दोघांना पुरेल एवढे पाणीच नव्हते.

इथवर आलो म्हणजे एक सोपा बोध हाताशी येतो: प्रत्येकाने आपापला थर शोधावा, दुसऱ्याच्या थरात तोंड घालू नये, म्हणजे सारे सुखाने नांदतील. हा बोध कानाला गोड लागतो. पुष्कळदा व्यवहारातही तो उपयोगी पडतो. परंतु नीती म्हणून तो स्वीकारण्यापूर्वी त्याच्या पोटात दडलेल्या तीन गोष्टी बाहेर काढून पाहणे अवश्य आहे.

पहिली गोष्ट अशी, की माशांची शांतता हा त्यांचा सद्गुण नव्हे. कटल्याने रोहूसाठी मधला थर उदारपणे सोडलेला नाही. त्याला तिथे फारसे काही मिळत नाही, एवढेच. इतकेच काय, या तिघांची पिल्ले अगदी लहान असताना तरंगते सूक्ष्म जीवच खातात. तोंडाची ठेवण वाढत्या वयाबरोबर वेगळी होते आणि तेव्हाच वाटा वेगळ्या होतात. जे लहानपणी एका ताटात जेवले, ते मोठेपणी तीन ताटांवर गेले. यात त्याग कोणाचाच नाही. शिवाय, आज जी नीटनेटकी वाटणी दिसते, ती कशी झाली असेल, हाही एक प्रश्न आहे. ती कदाचित फार जुन्या कलहाचा शेवट असेल; ज्यांना आपला थर सापडला ते उरले आणि ज्यांना सापडला नाही ते नाहीसे झाले. प्रत्येक भिन्नतेमागे अशी गतकालीन स्पर्धा पुराव्याशिवाय गृहीत धरू नये, असा इशारा जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञाने १९८० साली दिला आहे, आणि तो योग्यच आहे. तथापि गाउझच्या नळीत जे नाहीसे झाले ते नाहीसे झालेच. नळीत नंतर शांतता होती. पण ती एकट्याची शांतता होती. शांतता दिसली की तिथे न्याय झाला असेल, असे मानण्याची घाई करू नये. ज्याची बाजू हरली तो तक्रार करण्यास उरलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची आणि अधिक अवघड आहे. ‘प्रत्येकाने आपापल्या थरात राहावे’ हे वाक्य या देशात नवे नाही. हजारो वर्षे आपण ते ऐकत आलो आहोत, आणि काशीसारख्या नगरीत तर ते शास्त्राच्या अधिकारवाणीने उच्चारले गेले आहे. कोणी घाटावर मंत्र म्हणावेत, कोणी नाव वल्हवावी, कोणी स्मशानात चिता रचावी, हे जन्माने ठरावे आणि त्याला सुसंवाद म्हणावे! तीन माशांचा दृष्टान्त या मताच्या समर्थकाला फारच सोयीचा वाटेल. परंतु तो त्याच्या उपयोगाचा नाही. नैन तळाशी राहतो तो त्याच्या मुखाच्या घडणीमुळे; वरचे पाणी त्याला कोणी निषिद्ध केलेले नाही. तो चुकून वर आला तर भाकुराला विटाळ होत नाही. माणसाचे मूल असे खाली वळलेले तोंड घेऊन जन्माला येत नाही. त्याचे तोंड कुठे वळवायचे हे समाज ठरवतो, आणि मग ते वळण निसर्गाचेच आहे असे सांगतो. कामे वाटून घेणे वेगळे आणि काम करणाऱ्या माणसांनाच वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडणे वेगळे, हा भेद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली, लाहोरसाठी लिहिलेल्या पण करता न आलेल्या भाषणात, निरुत्तर करील इतक्या स्पष्टपणे मांडला आहे. तळाशी राहणाऱ्याला वर येण्याची मोकळीक आहे की नाही, हीच वाटणीची कसोटी. मोकळीक असूनही कोणी तळ पसंत केला तर ती वाटणी. मोकळीकच नसेल तर तो तुरुंग.

तिसरी गोष्ट नवागताची आहे, आणि ती या मासिकाच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. जुन्या रहिवाशांनी वाटून घेतलेल्या पाण्यात एखादा नवा मासा अकस्मात आला तर काय होते? १९५९ साली मूळचा चीनकडचा चंदेरा आपल्या देशात आणला गेला. तोही वरच्या थरातलाच. तळ्यात माणसाच्या देखरेखीखाली तो ठीक चालला. परंतु १९७१ च्या सुमारास हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात त्याचा शिरकाव झाला, आणि काही वर्षांतच तो तिथला मुख्य मासा होऊन बसला. कटल्याचे प्रमाण घसरले. गंगेतही प्रयागराज आणि वाराणसी यांच्या पट्ट्यात सायप्रिनस आणि तिलापिया हे परदेशी मासे गेल्या काही दशकांत वाढले आहेत, तर नदीचे पाणी आणि प्रवाह बिघडल्यामुळे मूळच्या मोठ्या माशांचे प्रमाण उतरले आहे. हा दाखला पुढे करून कोणी म्हणेल: पाहा, नवागत म्हणजे संकट, ज्याची नदी त्याचीच राहिली पाहिजे.

आपण, म्हणजे महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणारी माणसे, या युक्तिवादाशी दोन्ही अंगांनी बांधलेलो आहोत. काशीत आपण नवागत आहोत. येथील कचेरीत, बँकेत, विश्वविद्यालयात किंवा रेल्वेच्या इंजिन-कारखान्यात जी खुर्ची आपल्याला मिळते, ती एखाद्या स्थानिक तरुणालाही हवी असते. आणि ज्या महानगरी एक्स्प्रेसने आपण सुटीत मुंबईस जातो, त्याच गाडीच्या साध्या डब्यात बसून पूर्वांचलातली माणसे टॅक्सी चालवायला, दूध घालायला, बाजारात हातगाडी लावायला मुंबईस जात असतात. तिथे ते नवागत आणि आपण मूळचे. काशीत आपल्याला जे औदार्य अपेक्षित असते, तेच मुंबईत त्यांना देताना आपला हात आखडतो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. एकच माणूस गाडीच्या एका टोकाला एक तत्त्व आणि दुसऱ्या टोकाला दुसरे तत्त्व बोलू लागला, तर त्याला तत्त्व म्हणता येणार नाही; ती केवळ सोय झाली.

माणूस आणि चंदेरा यांच्यातला भेद मुळातच मोठा आहे. चंदेऱ्याला आपला आहार बदलता येत नाही. माणसाला भाषा शिकता येते, नवे काम अंगीकारता येते, आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, डोह मोठा करता येतो. बाबुराव विष्णु पराडकर यांचे उदाहरण काशीतच आहे. १८८३ साली येथील एका मराठी घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९२० मध्ये निघालेल्या ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादन त्यांनी दीर्घकाळ केले, आणि १९५५ साली ते निवर्तले तेव्हा हिंदी वृत्तपत्रसृष्टीने त्यांना आपल्या आधारस्तंभांपैकी एक मानले होते. त्यांनी कोणा हिंदी संपादकाचा घास काढून घेतला, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. त्यांच्या लेखणीने हिंदी वाचकवर्ग आणि हिंदी गद्य यांचा विस्तारच झाला. नवागत आल्याने पाणी वाढले की आटले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. तो कुठून आला हा नव्हे.

भिन्नता आणि विस्तार यांखेरीज माणसाजवळ आणखी एक उपाय आहे. निसर्गातही काही जीव दिवस-रात्र वाटून घेतात. परंतु ठरवून, परस्परांच्या संमतीने आणि आज आपला हक्क असूनही उद्यासाठी थांबायचे, ही गोष्ट माणसाचीच. तिला आपल्या भाषेत ‘पाळी’ म्हणतात. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर शेकडो वर्षे चालत आलेली फड-पद्धती हे तिचे उत्तम उदाहरण होय. बंधाऱ्याचे पाणी एक, पाट एक, जमीन सारखी, एका फडात पीकही सर्वांचे एकच. शेतकरी एकमेकांहून कोणत्याही अर्थाने भिन्न नव्हेत. निसर्गाच्या नियमाप्रमाणे इथे कलह ठरलेलाच. परंतु गावाने पाटकरी नेमला, पाळी बांधून दिली, आणि त्याच पाण्यावर सर्वांची शेते भिजली. काशीच्या कित्येक घाटांवर कोणी कोणत्या घाटाला नाव लावायची हे नावाड्यांच्या वहिवाटीने ठरलेले असते आणि उतारूही पाळीपाळीने घेतले जातात. तीर्थपुरोहितांनी यात्रेकरू प्रांतवार आणि गाववार वाटून घेतले. त्यांच्या जुन्या वह्या त्याची साक्ष देतात. या व्यवस्थांत भांडणे होत नाहीत असे नव्हे. पण भांडण झाले तर त्याचा निवाडा कोणत्या नियमाने करायचा हे तरी ठाऊक असते. भिन्न असणाऱ्यांनी शेजारी राहणे हे मासेही साधतात. सारखेच असून, सारखीच गरज असून, थांबणे हे माणसाला साधते. नीतीचा आरंभ तिथे होतो.

आणि पाळीनेही न सुटणारे प्रसंग असतातच. नोकरीत ते वारंवार येतात. एक जागा, दोन पात्र माणसे. दोघांची सेवा सारखी, दोघांचे काम चोख, आणि वरची खुर्ची एकच. इथे थर वेगळे करता येत नाहीत, जागा वाढवता येत नाही, आणि पाळी येईपर्यंत दुसरा निवृत्त होतो. अशा वेळी तत्त्वज्ञानाने खोटा दिलासा देऊ नये. एकाला मिळेल आणि एकाला मिळणार नाही. नळीतल्या दोन जीवांप्रमाणे, इथेही एक उरतो आणि एक मागे पडतो.

तरीसुद्धा नळी आणि कचेरी यांत एक भेद राहतो, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. निसर्ग हरलेल्याची नोंद ठेवीत नाही. कोणता मासा या डोहात पूर्वी होता आणि कोणाच्या येण्याने तो गेला, हे नदी सांगत नाही. तिच्या पाण्यावर तरंग उठतो आणि मिटतो. त्यामुळे निसर्गात जे आहे तेच योग्य वाटू लागते. माणसाच्या समाजात हरलेला माणूस नाहीसा होत नाही. तो शेजारच्या टेबलाशी बसतो, त्याच जिन्याने चढतो, सणाला घरी येतो. जिंकणाऱ्याने आपले यश म्हणजे आपल्या योग्यतेचा निर्विवाद पुरावा आहे असे मानले, तर तो गाउझच्या नळीतला जीव ठरला. त्याच जागेला दुसराही तितकाच पात्र होता हे त्याने लक्षात ठेवले, आणि ते आपल्या वागण्यातून त्या दुसऱ्याला जाणवू दिले, तर तो माणूस ठरला. पहिला मत्स्यन्याय गिळण्याचा, दुसरा वाटून घेण्याचा. दोन्ही माशांना येतात. जो मागे राहिला त्याची आठवण ठेवणे मात्र माशांना येत नाही.

आपण बहुतेक सारे दप्तरी माणसे आहोत. नोंद ठेवणे हाच आपला व्यवसाय. कोणती जागा कोणाला मिळाली हे आपण रोज लिहितो. ती कोणाला मिळाली नाही, याची एक नोंद मनाच्या वहीतही असावी, एवढेच या विचाराचे मागणे.